डबे घेऊन दाराशी आलो आहोत

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक आणि सर्व अधिकारी,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ – राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय,
लॉ कॉलेज रस्ता, पुणे



नारायण पेठेतल्या माझ्या घरी पत्र्याचे सतरा डबे आहेत. तेरा डब्यांत एका जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटाची ३५ एमएमची प्रिंट आहे. मुळात ती चौदा रिळांची, पण सातवे रीळ नाही. उरलेल्या चार डब्यांत त्याच चित्रपटाची १६ एमएमची प्रिंट आहे. ती पुरी आहे, पण तिचा आवाज बसका आणि चित्र धुवट आहे. ३५ एमएमची रिळे एका बंद पडलेल्या थिएटरच्या केबिनमधून भंगारात निघाली होती. १६ एमएमची प्रिंट गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा बांधून सिनेमे दाखवणाऱ्या एका गृहस्थांच्या घरून आली. चित्रपटाचे नाव मी इथे लिहीत नाही. निर्मात्याच्या वारसांशी आमचे बोलणे चालू आहे, आणि ते पुरे होण्याआधी त्यांच्या घरच्या वस्तूचा बोभाटा करणे बरे नव्हे.

आम्ही म्हणजे तिघे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. दुसरे, पुण्याच्या एका थिएटरात तीस वर्षे मशीन चालवलेले ऑपरेटर काका. तिसरी, हिंजवडीला नोकरी करणारी एक मुलगी. तिने कॅमेरा, एक मोटर आणि पांढरा दिवा जोडून फिल्मच्या एकेका चौकटीचा फोटो काढणारे यंत्र घरीच तयार केले. हजार फुटांच्या एका रिळात सोळा हजार चौकटी असतात. तेरा रिळांच्या दोन लाखांहून जास्त झाल्या. पावणेदोन वर्षे शनिवार-रविवार खर्चून आम्ही त्या टिपल्या आणि सातव्या रिळाची जागा १६ एमएमच्या प्रिंटवरून भरून काढली. हे सगळे कुणी सांगितले म्हणून केले नाही. हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो गणपतीत, पडद्याच्या मागच्या बाजूला बसून. पुढच्या बाजूला जागा मिळाली नव्हती, त्यामुळे श्रेयनामावलीतली अक्षरे उलटी दिसली होती. तो सिनेमा एकदा सरळ बाजूने, पुरा, नीट पाहावा एवढीच इच्छा होती.

पत्र लिहिण्याचे कारण या कामाची बढाई मारणे नाही. या कामात माझ्या हातून एक नुकसान झाले, आणि तेच सांगण्यासाठी हे पत्र आहे.

पाचवे रीळ डब्यातून काढले तेव्हा त्याला आंबूस वास येत होता. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म दमट हवेत जुनी होऊ लागली की तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते. त्याचा तो वास. फिल्म आकसते, ठिसूळ होते, कडांना लाटांसारखी वाकते. ऑपरेटर काका म्हणाले, “साहेब, हे रीळ सुकलंय. याला मशीनला लावू नका. भोकं दात्यांवर बसायची नाहीत.” मी ऐकले नाही. एकदा पडद्यावर बघू, मग टिपू, असा हट्ट धरला. मशीन सुरू झाले आणि दुसऱ्याच मिनिटाला कडेची भोके उसवत गेली. काकांनी धावत जाऊन मोटर बंद केली तोवर चाळीस फूट फिल्म फाटली होती. चाळीस फूट म्हणजे ६४० चौकटी, पडद्यावरची सुमारे २७ सेकंदे. त्या २७ सेकंदांत एक आई दारात उभी राहून काही न बोलता वाटेकडे बघते. साठहून जास्त वर्षे उंदीर, पावसाळा आणि भंगारवाला यांच्यातून तगून राहिलेली ती सेकंदे माझ्या प्रेमाने फाडली.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. जुन्या रिळांवर प्रेम करणारी माणसे गावोगाव आहेत, पण ती रिळे कशी हाताळावीत हे त्यांना ठाऊक नाही. ज्यांना ते उत्तम ठाऊक आहे ती माणसे लॉ कॉलेज रस्त्यावर तुमच्या इमारतीत आहेत. या दोघांची गाठ पडत नाही, आणि गाठ पडेपर्यंत रिळे थांबणार नाहीत. ही गाठ घालून द्या, एवढेच मागणे मांडायला हे पत्र लिहितो आहे.

एखाद्या घरातली घासलेली, जोड मारलेली प्रिंट संग्रहालयाच्या कामाची काय, असे कुणी विचारील. मूळ निगेटिव्ह असेल तर प्रिंट ही तिची दुसरी-तिसरी नक्कल. हे खरे आहे. पण निगेटिव्ह नेहमी असते कुठे? आपल्याकडे कित्येकदा मूळ निगेटिव्हवरूनच थेट प्रिंटांवर प्रिंटा काढल्या गेल्या. चित्रपट जितका गाजला तितकी त्याची निगेटिव्ह झिजली. ज्यांच्यावर लोकांनी सर्वांत जास्त प्रेम केले त्यांच्याच निगेटिव्हची अवस्था अनेकदा सर्वांत वाईट. शिवाय काही गोष्टी फक्त प्रिंटमध्येच सापडतात. चित्रपट थिएटरात नेमका किती लांबीचा चालला, कोणते गाणे कुठे होते, छायालेखकाने लॅबमध्ये उभे राहून ठरवलेली उजेडाची पातळी किती होती. टीव्हीसाठी आणि पुढे सीडीसाठी निघालेल्या नकलांत कापाकापी झाली. आमच्या प्रिंटमध्ये आडावरच्या बायकांचा एक पावणेदोन मिनिटांचा प्रसंग आहे. मी पाहिलेल्या टीव्हीच्या नकलेत तो नाही. तो कुणी कापला ते सांगता येणार नाही, पण तो होता याचा पुरावा आज आमच्या नवव्या डब्यात आहे.

याचा सर्वांत मोठा दाखला तुमच्या ओळखीचाच आहे. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला. २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याची नवी प्रत दाखवली गेली, तेव्हा चित्र तुमच्या संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून घेतले होते आणि आवाज फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपलेल्या ३५ एमएमच्या प्रदर्शन-प्रिंटवरून. म्हणजे थिएटरांतून फिरून आलेल्या एका प्रिंटनेच ‘मंथन’ला त्याचा आवाज परत दिला. तशीच एखादी प्रिंट आज साताऱ्यात किंवा लातुरात कुणाच्या माळ्यावर असेल, तर ती भंगार म्हणून निघून जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

परदेशातलीही एक गोष्ट सांगतो. फ्रिट्झ लँगचा १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच कापला गेला आणि पुढची ऐंशी वर्षे जगाने तो तुटकाच पाहिला. २००८ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सच्या एका छोट्या चित्रपट-संग्रहालयात त्याची जवळजवळ पुरी १६ एमएमची प्रत निघाली. तिचे मूळ एका समीक्षकाच्या खासगी संग्रहात होते. त्या प्रतीवर रेघांचा अक्षरशः पाऊस आहे. आपले ऑपरेटरही घासलेल्या प्रिंटला ‘पाऊस पडतो’ असेच म्हणतात. तरी त्या पावसातून सुमारे २५ मिनिटे परत मिळाली, आणि २०१० मध्ये बर्लिनला ती उरलेल्या चित्रपटात जोडून दाखवली तेव्हा कथेतली माणसे का वागतात तशी वागतात हे लोकांना पहिल्यांदा नीट कळले.

अमेरिकेत तर चाहत्यांनी याहून धाडसाचे काम केले. ‘स्टार वॉर्स’च्या दिग्दर्शकाने १९९७ मध्ये आपल्याच चित्रपटात बदल केले आणि १९७७ साली लोकांनी पाहिलेली आवृत्ती बाजारातून जवळपास नाहीशी झाली. काही चाहत्यांनी १९७७ च्या ३५ एमएमच्या प्रिंटा मिळवल्या, चौकट न् चौकट टिपली आणि धूळ-रेघा काढून तो चित्रपट पुन्हा उभा केला. त्यांच्याकडे हक्क नव्हते. तो मार्ग मी तुम्हाला सुचवत नाही आणि आम्हीही त्या वाटेने गेलो नाही. पण त्यांच्या मनात जे होते ते मला पुरेपूर समजते. चित्रपट बनवणाऱ्याचा असतोच, पण तो पाहून मोठे झालेल्या लोकांचाही त्यात वाटा असतो. २०२५ च्या जूनमध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याच १९७७ च्या आवृत्तीची जुनी प्रिंट आपल्या महोत्सवात दाखवली. चाहते ज्यासाठी इतकी वर्षे झटले, त्याच आवृत्तीला एका मोठ्या संस्थेने आपला पडदा दिला.

हे सगळे मी परक्या गावचे म्हणून सांगत असलो, तरी तुमची संस्थाही झपाटलेल्या माणसांनीच उभी केली आहे. १९६४ मध्ये संग्रहालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी पी. के. नायर सहायक क्युरेटर म्हणून आले. लहानपणी सिनेमाची फाटकी तिकिटे जमवणारा हा माणूस १९९१ पर्यंत इथे राबला. त्यांनी सुमारे बारा हजार चित्रपट गोळा केले. त्यांतले आठ हजार भारतीय. ते त्यांनी पुण्यात खुर्चीवर बसून मिळवले नाहीत. गोदामे धुंडाळली, फाळक्यांच्या कुटुंबाकडे गेले, निर्मात्यांच्या वारसांना पुन्हा पुन्हा भेटले. ‘कालिया मर्दन’मधली मंदाकिनी फाळके आज आपण पाहू शकतो, ती त्या पायपिटीमुळे. ४ मार्च २०१६ रोजी नायर गेले. त्यांच्यावरचा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट पाहताना मला सारखे वाटत होते की हा सरकारी अधिकारी दिसतो खरा, पण मुळात आमच्यातलाच आहे.

‘संत तुकाराम’च्या मानपत्राची कथा तर तुम्हाला तोंडपाठ असेल. १९३६ चा प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. त्याचे मानपत्र पुढे हरवले. १९७४ मध्ये टाकून दिलेल्या वस्तूंत ते सनी जोसेफ नावाच्या एका गृहस्थांच्या हाती लागले. त्यांनी ते वर्षानुवर्षे जपले आणि २३ मार्च २००४ रोजी ते तुमच्याकडे सुखरूप आले. तीस वर्षे एका माणसाने एक कागद सांभाळला. कुणी पावती दिली नव्हती, कुणी पगार देत नव्हते.

अशी माणसे जिथे नव्हती तिथे काय झाले, हेही आपण जाणतोच. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’, देशाचा पहिला बोलपट, आज एक फूटही उरलेला नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांतारामांनी शेतकरी उभा केला, तो मूकपट गेला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे आपल्याकडे आहे, आणि तीही १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कृष्णधवल फिल्मवर चांदी असते. ती काढून विकण्यासाठी किती रिळे भट्टीत गेली याची मोजदाद कुणीच ठेवली नाही.

आणि ८ जानेवारी २००३. प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. नायट्रेट फिल्म पेटली की तिला लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच निघतो. पाण्यात बुडवली तरी ती जळत राहते. त्या दिवशीची बातमी वाचून ऑपरेटर काका दोन दिवस घराबाहेर पडले नव्हते, असे त्यांच्या घरच्यांनी मला सांगितले. कुणाला दोष देण्यासाठी ही आठवण काढत नाही. एकाच छपराखाली सगळी संपत्ती ठेवली की एक ठिणगी पुरते, एवढे ती आग शिकवून गेली. ठिकठिकाणी विखुरलेल्या खासगी प्रिंटा हा म्हणूनच पसारा नाही. नकळत झालेली ती आपली दुसरी तिजोरी आहे. फक्त त्या तिजोरीत काय आहे याची यादी कुणाकडेच नाही.

ती यादी करण्याची वेळ आत्ताच आहे, नंतर नाही. २०१२-१३ च्या सुमारास जत्रांतल्या सिनेमाच्या तंबूंनी प्रिंटांची मशीन बाजूला ठेवली आणि डिजिटल प्रोजेक्टर आणले. त्या बदलाचा काळ ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपला आहे, आणि त्यात म्हातारे होत चाललेले यंत्र आणि त्याच्यासोबत म्हातारी होत चाललेली माणसे दोन्ही दिसतात. पुण्यातली एकपडदा थिएटरे तुम्ही रोज पाहता. मंडईजवळ ‘आर्यन’ आणि ‘मिनर्व्हा’ ही आता वाहनतळांची नावे आहेत. अप्पा बळवंत चौकाजवळच्या ‘प्रभात’वर दुसऱ्या नावाची पाटी आहे. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ ‘विजयानंद’मध्ये १३१ आठवडे चालला. इतके आठवडे ज्या प्रिंटा दात्यांवरून धावल्या, त्या पुढे कुठे गेल्या? थिएटर बंद होताना पडदा, खुर्च्या, पंखे यांचा लिलाव होतो. केबिनच्या कोपऱ्यातले डबे भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात. ऑपरेटर सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. कोणत्या डब्यात काय आहे हे फक्त त्यांना आठवते. ते गेले की डबे मुके होतील.

म्हणून काही नेमक्या गोष्टी मागतो.

पहिली, मराठीतून, वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणीवरून एक साधे आवाहन करा. तुमच्या घरी, दुकानात, देवळाच्या खोलीत, शाळेच्या अडगळीत सिनेमाची रिळे असतील तर आम्हाला कळवा. ती कुठून आली हे विचारणार नाही. कारवाई होणार नाही. लोक गप्प बसतात ते भीतीपोटी. प्रिंट वितरकाची होती, परत करायची राहिली, आता कुणी चोरी म्हणेल का, ही धास्ती मी अनेकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. तुमच्या एका वाक्याने ती जाईल. आणि नायट्रेट फिल्म घरात असेल तर काय करायचे व काय करायचे नाही, हेही त्याच आवाहनात मोठ्या अक्षरांत सांगा. त्यात जिवाचा प्रश्न आहे.

दुसरी, महिन्यातून एक दिवस तपासणीचा ठेवा. माणसाने डबा घेऊन यावे, तुमच्या तंत्रज्ञांनी फिल्म किती आकसली, कोणत्या प्रकारची, किती फूट, कुठे जोड हे पाहावे आणि एका कागदावर लिहून द्यावे. ती प्रिंट संग्रहालयात ठेवायची असेल तर तिच्याकडे देणगी म्हणून बघू नका, ठेव म्हणून बघा. देणाऱ्याचे नाव नोंदीत राहू द्या आणि टिपलेली एक नक्कल घरच्यांना मिळू द्या. ज्यांनी तीस-चाळीस वर्षे सांभाळले त्यांच्या हातातून वस्तू घेताना त्यांचे हात रिकामे जाऊ नयेत.

तिसरी, रीळ हाताळण्याचे वर्ग घ्या. तुम्ही आणि फिल्म इन्स्टिट्यूट मिळून चालवत आलेल्या चित्रपट-रसग्रहणाच्या वर्गाने या शहराला सिनेमा पाहायला शिकवले. २०१६ मध्ये जतनाची आंतरराष्ट्रीय कार्यशाळाही पुण्यात तुमच्याकडे झाली होती. पण आम्हाला लागते ते त्याहून साधे आहे. दोन दिवसांत रीळ कसे पाहावे, हाताने कसे गुंडाळावे, जोड कसा मारावा, कशाला हात लावू नये, एवढे शिकवा. शिकवायला निवृत्त ऑपरेटर बोलवा आणि त्यांना मानधन द्या. असा वर्ग मला आधी मिळाला असता, तर ती आई आज ३५ एमएमच्या प्रिंटमध्येही दारात उभी असती.

चौथी, जीर्णोद्धाराचे नियम मराठीत छापून काढा. यावर मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आम्हा हौशी लोकांची सर्वांत मोठी चूक इथे होते. आपल्याकडे काळ्या पाषाणाची, शेकडो वर्षांची देवळे आहेत. गावकऱ्यांची भक्ती खरी असते, वर्गणीही खरी असते, आणि त्या वर्गणीतून देवळाला निळा-पिवळा ऑइलपेंट फासला जातो. कोरीव काम त्याखाली बुजते. सिनेमाच्या बाबतीत तसेच होते. संगणकाला सांगितले की तो रेघ काढतो, सोबत चेहऱ्यावरची सुरकुती आणि कापडाचा पोतही काढतो. फिल्मचे दाणे म्हणजे घाण नव्हे. चित्र त्यांचेच बनलेले असते. आमच्या मुलीने पहिल्या रिळाला असेच गुळगुळीत केले होते. काका पाहून म्हणाले, “चित्र छान आहे, पण हा आपला सिनेमा नाही.” तिने सगळे पुसून पुन्हा सुरुवात केली. २००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगीत करून दाखवला गेला. लोकांनी तो आवडीने पाहिला, त्या लोकांवर माझा राग नाही. पण रंगवलेली प्रत ही नवी कलाकृती आहे, जुन्या चित्रपटाचे जतन नाही, हे कुणीतरी अधिकाराने सांगायला हवे. ते तुम्ही सांगा. मूळ टिपलेल्या चौकटी जशाच्या तशा जपाव्यात, काय बदलले त्याची वही ठेवावी, एका प्रिंटचा तुकडा दुसरीत घातला तर तसे लिहावे, आणि टिपून झाले म्हणून मूळ रीळ कधीही फेकू नये. हे चार नियम प्रत्येक हौशी माणसाच्या टेबलावर चिकटलेले असावेत.

पाचवी, या प्रिंटा दाखवा. वर्षातून दोनदा तरी तुमच्या प्रेक्षागृहात घरोघरून आलेल्या रिळांचा खेळ ठेवा. आधी दोन मिनिटे ती प्रिंट कुणी, कुठे, कशी जपली हे सांगा. पाऊस पडला तरी चालेल. पुण्याचा प्रेक्षक तो सोसेल.

पैशाचा प्रश्न येईल याची कल्पना आहे. पण २०२२ च्या मे महिन्यात राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले, तेही तुमच्याच पुण्याच्या वास्तूत. त्या कामापुढे मी मागतो ते फार थोडे आहे. एक खोली, दोन तंत्रज्ञ, एक नोंदवही. आणि त्यातून मिळेल ते कोटी रुपयांनाही विकत मिळत नाही. हरवलेले रीळ बाजारात नसते. ते कुणाच्या तरी घरातच असते.

हक्कांचा मुद्दाही मी टाळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क, तो प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९६४ पर्यंतच्या चित्रपटांवरचा तो हक्क संपला आहे. कथेचे, गीत-संगीताचे हक्क वेगळे, त्यांची चौकशी वेगळी करावी लागते. पण जपायला हक्काची अडचण नसावी. दाखवायचे की नाही हे वारसांना विचारून ठरवता येते. आधी वस्तू तर उरली पाहिजे. इथे तुमच्यामार्फत माहिती व प्रसारण मंत्रालयालाही एक विनंती करतो. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाला नव्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी लागते. चित्रपटांसाठी, प्रत्येक निर्मात्याने एक प्रत संग्रहालयाला दिलीच पाहिजे असा कायदा नाही. तो करा. आज डिजिटलमध्ये बनणारे सिनेमेही हार्ड डिस्कवर पडून आहेत, आणि हार्ड डिस्क सेल्युलॉइडइतकी टिकत नाही. आमची नातवंडे आमच्यासारखी माळ्यावर शोधायला जातील तेव्हा त्यांना आंबूस वासाचा डबासुद्धा मिळणार नाही.

आम्ही आमच्याकडून काय देऊ, तेही सांगतो. सतराही डबे तुमच्या थंड कोठारात ठेव म्हणून देण्याची तयारी आहे. टिपलेल्या सगळ्या चौकटी, काय बदलले त्याची वही, आणि फाटलेल्या चाळीस फुटांचे तुकडे एका पाकिटात, तारीख घालून, माझ्या चुकीच्या नोंदीसह. ऑपरेटर काका शिकवायला येतील. हिंजवडीची मुलगी आपले यंत्र आणि त्याचा आराखडा कुणालाही मोफत द्यायला तयार आहे.

एक गोष्ट तेवढी आम्ही देऊ शकत नाही. सातवे रीळ. त्याची जागा आम्ही १६ एमएमवरून भरली आहे, पण तिथे आले की चित्र एकदम धुवट होते आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होतो. त्या अकरा मिनिटांचे चांगले रीळ कुठेतरी असणार. प्रिंटा गावोगाव फिरत. पेट्या बदलत. एका थिएटरचे सातवे रीळ दुसऱ्याच्या पेटीत गेले असेल आणि तो पुढचा थांबा इचलकरंजी असेल, परभणी असेल, बेळगाव असेल. तिथे कुणाच्या तरी घरी तो एकटा डबा आहे. त्या माणसाला तो टाकवत नाही आणि कुठे न्यावा हेही समजत नाही.

त्या माणसाला तुमचा पत्ता कळू द्या.



आपला,
एक चित्रपटप्रेमी
नारायण पेठ, पुणे